सवलत आणि सचोटी



2023 च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या औंधचे, म्हणजे खटाव तालुक्यातील यमाईच्या औंधचे, एक कापड व्यापारी स्नेही कागदांची पिशवी घेऊन घरी आले. त्यांच्या मुलाने पुण्यात सदनिका घेतली होती. मिळकतकराचे बिल पुढे ठेवून ते म्हणाले, "साहेब, माझ्या मेव्हण्याची सदनिका त्याच भागात, तेवढीच. त्यांना कर कमी आणि आम्हांला जास्त, हे कसे?"

कारण साधे होते. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य ठरविताना पुणे महानगरपालिका 1970 पासून 40 टक्के सवलत देत आली. म्हणजे करपात्र रक्कम 1,00,000 रुपये निघत असेल, तर आकारणी 60,000 वर होते. भाडे मिळवून देणारे घर आणि डोक्यावरचे छप्पर यांत भेद करावा, हे योग्यच आहे. 1 एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ही सवलत मिळेनाशी झाली. 2023 मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने ती पुन्हा मिळू लागली. परंतु या घरांना ती आपोआप मिळणार नव्हती. त्यासाठी पीटी-3 हा अर्ज द्यावयाचा होता. 15 नोव्हेंबर ही पहिली मुदत पुढे वाढविण्यात आली, तरी आम्ही तिची वाट पाहिली नाही.

अर्जासोबत स्वतः राहत असल्याबद्दल गृहरचना संस्थेचे पत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा जोडला. पुण्यात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रतही द्यावी लागते. पोच मात्र जपून ठेवावी, हा माझा बँकेतील जुना आग्रह.

पुढे मुलाची बदली बंगळुरूला झाली आणि सदनिका भाड्याने गेली. स्नेही पुन्हा आले. "सवलत राहू द्यावी का? पाहावयास कोण येते?"

मी म्हणालो, "दुकानातील गज कोणी तपासावयास येत नाही, म्हणून तुम्ही तो आखूड केला का? अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाच्या शेजारीच विरुद्धराज्यातिक्रम सांगितला आहे. अर्जावर 'स्वतः राहतो' असे लिहून तुमच्या मुलाने सही केली आहे. ते वाक्य आता खरे उरलेले नाही."

ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मात्र महानगरपालिकेस द्यावयाच्या पत्राचा मसुदा तपासून घेण्यासाठी आले. कराचा बोजा वाढला. पण त्यांच्या चेहऱ्यावर वहीचा मेळ बसल्याचे समाधान होते.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. ही सवलत पुणे महानगरपालिकेची आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीस ती लागू नाही. येथे नमुना 8 चा उतारा काढून मालकाचे नाव, क्षेत्रफळ व वापर यांची नोंद पडताळावी आणि चूक आढळल्यास लेखी अर्ज करावा. हक्काची सवलत मागण्यात संकोच नसावा, आणि हक्क संपताच ती सोडण्यात विलंबही नसावा.