‘सेफ साईड’च्या नावानं चांगभलं!

मंडळी, गेले दोन शनिवार सोसायटीच्या गच्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन काढले. कारण पाण्याचे मीटर. ५०० फ्लॅट, ५०० वायरलेस मीटर, टाकीशेजारी एकच बेस स्टेशन, सगळं लोरावॅनवर. ‘बॅटरी दहा वर्षं चालेल’ म्हणाले होते. दुसऱ्या पावसाळ्यातच मीटर पटापट मान टाकायला लागले आणि बिलावर ‘अंदाजे’ असा शिक्का यायला लागला. आम्ही आठवडाभर गावाला होतो, तरी आमचं अंदाजे पाणी वाहतंच होतं!

लॉग उघडले तर काय, एकूण एक मीटर एसएफ१२ वर, फुल पॉवर, एडीआर बंद. बसवणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणतो, "सर, मॅक्सिमम रेंज ठेवलीय. सेफ साईड."

माझं डोकं फिरतं ते या ‘सेफ साईड’वर. स्प्रेडिंग फॅक्टर एक पायरी वाढवला की साधारण अडीच डेसिबलची कमाई होते, पण हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो. दहा बाइटचा निरोप एसएफ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ१२ वर त्यालाच १४८३ लागतात. म्हणजे चोवीसपट. तेवढा वेळ बॅटरी जळणार, दुसरं काय होणार?

बरं, हवा काय एकट्याची आहे? हे मीटर ‘आधी ऐका, मग बोला’ असलं काही पाळत नाहीत, मनात आलं की बोलतात. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी अलोहानेट सुरू केलं, त्याच जातकुळीतलं हे. अशा पद्धतीत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळच कामी येतो, हे तेव्हापासून माहीत आहे. आमच्याकडे आठ चॅनेल ऐकू शकणारं बेस स्टेशन, पण चालू फक्त डिफॉल्टचे तीन. दर पंधरा मिनिटांनी ५०० मीटर बोलणार. गणित मांडलं तर एसएफ१२ वर शंभरातले चाळीसेक निरोप एकमेकांवर आपटतात, एसएफ७ वर दोन-तीन.

त्यात प्रत्येक निरोपाला पोच हवी! एसएफ१२ वर एक पोच द्यायला जवळजवळ एक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ बेस स्टेशन ठार बहिरं. मग पोच न मिळालेला मीटर पुन्हा ओरडतो... लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी एकदम ‘वरण, वरण’ करावं तसं.

तळघरातल्या डक्टमधल्या वीसेक मीटरांना एसएफ१२ लागतो, मान्य. पण ते एडीआरला ठरवू द्या की! तो आलेल्या सिग्नलचा दर्जा बघून ज्याची त्याची पायरी लावतो. गच्चीखालच्या अकराव्या मजल्याला कसली आलीय रेंजची चिंता?

मी एडीआर चालू केला, आठही चॅनेल दिले, पोच बंद केली. एक चहा होईल एवढंच काम. मेलेल्या बॅटऱ्यांचे पैसे मात्र सोसायटीनं भरायचे, असं कंपनीचं पत्र आलंय. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. लॉगचे प्रिंटआउट काढून ठेवलेत.