मांजर, मे महिना आणि 50 रुपये दंड

विषय ऐकून काही जण हसतील. हसा. मीसुद्धा हसत होतो, अगदी मे महिन्याच्या त्या शनिवारपर्यंत.

भाची पुण्यात नोकरीला आहे. तिने तीन महिन्यांचं एक मांजराचं पिल्लू पाळलंय, नाव बिट्टी. सुट्टीत महिनाभर गावाकडे यायचं तर बिट्टीचं काय करायचं? ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "डिक्कीत टाकून देऊ ना ताई, काही होत नाही." डिक्की म्हणजे जिथे बॅगा, पार्सलं आणि मोटरसायकलचे सुटे भाग जातात ती. रेल्वेत पाळीव जनावर आपल्यासोबत ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा डबा लागतो, तिथेही सोबतच्या प्रवाशांची ना नाही हे पाहावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यात. मलकापूरला उतरणारी आपली किती पोरं पहिल्या वर्गाने येतात? शेवटी ती म्हणाली, "मामा, तुम्ही कामासाठी येणारच आहात पुण्याला, येताना आम्हाला घेऊन चला."

पुणे ते रोहिणखेड, अहिल्यानगर, संभाजीनगर, भोकरदन, बुलढाणा करत साधारण चारशे किलोमीटर. रस्ता माझ्या पायाखालचा. म्हटलं, चल, एवढ्याशा मांजराचं काय.

पहाटे साडेचारला निघायचं ठरलं आणि आपल्याकडे जसं होतं तसं आठ वाजले. पेटी-पिंजरा काही घेतला नव्हता. मिक्सरचा रिकामा खोका, त्याला पेचकसने भोकं पाडली, आत जुना टॉवेल. मीच भाचीला सांगितलं होतं की उगाच दोन हजार कशाला घालतेस. शिक्रापूर मागे पडायच्या आत पिल्लाने खोका ओला केला, पुठ्ठा मऊ पडला आणि बिट्टी बाहेर. आधी मागच्या सीटवर, मग माझ्या मांडीवरून खाली आणि थेट ब्रेकच्या पेडलखाली. समोर उसाची ट्रॉली होती. पाय दाबावा तर खाली मांजर, न दाबावा तर पुढे ट्रॉली. गाडी कशी बाजूला घेतली ते मला आजही नीट सांगता येत नाही. मागच्या ट्रकवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्याचं बरोबर होतं.

एवढं होऊनही अक्कल आली नाही. नगर ओलांडून पुढे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. आत मांजर नेऊ देईनात. गाडी लिंबाच्या सावलीत लावली, चारही काचा दोन-दोन बोटं खाली ठेवल्या आणि पिल्लाला ओढणीत गुंडाळून आतच ठेवलं. जेवायला किती वेळ लागतो? पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात सावली सरकली होती.

दार उघडलं तर बिट्टी सीटखाली आडवी. तोंड उघडं, जीभ बाहेर, कुत्र्यासारखी धापा टाकत होती, लाळ गळत होती. मांजर कधी असं धापा टाकत नाही, आणि टाकू लागलं तर समजायचं की जिवावर आलंय. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भाची ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे पाहत होती. ते जास्त वाईट होतं. ढाब्यावरच्या एका पोऱ्याने मात्र डोकं लावलं. माठातलं पाणी आणून पंजांवर, कानांवर, पोटाखाली लावलं, पुठ्ठ्याने वारा घातला. बर्फ लावा म्हणणाऱ्या दोघांना त्यानेच गप्प केलं. तिथून संभाजीनगरपर्यंत एसी लावून, भाचीच्या मांडीवर ओल्या फडक्यात. तिथे एका खासगी पशुवैद्यकांनी सलाईन लावलं. ते एवढंच म्हणाले, "आणखी दहा मिनिटं आत राहिलं असतं तर इथे आणायची गरज पडली नसती."

उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी तापते, अर्ध्या तासात त्याच्या जवळपास दुप्पट. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या पुढे असतं, हिशोब तुम्हीच करा. आणि हे फक्त मांजराला लागू नाही. लहान लेकरू गाडीत झोपलंय म्हणून एसी बंद करून पाच मिनिटांसाठी किराणा दुकानात जाणारे आपल्याच ओळखीत आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती सांगतो. वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. "गुरे निर्दयतेने कोंबून नेणारा टेम्पो पकडला", ही बातमी मी इतक्यांदा लिहिलीय की डोळे झाकून लिहू शकतो. जनावरांचे पाय बांधलेले, चारा-पाणी नाही, हवा नाही, आरोपीवर प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 11. ठरलेली वाक्यं. त्या रात्री घरी आल्यावर तेच कलम पुन्हा काढून वाचलं. ज्यामुळे जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने त्याला वाहनातून नेणं हा गुन्हा. त्यात गुरं असंच लिहिलेलं नाही, प्राणी असं लिहिलंय. म्हणजे माझ्या बातम्यांतला आरोपी त्या दिवशी मीच होतो. फरक इतकाच की माझा फोटो कोणी काढला नाही.

शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. त्या ढाब्यावरची शेवभाजी यापेक्षा महाग होती. 1960 साली 50 रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, आज त्यात अर्धा लिटर पेट्रोल येतं. टेम्पोवाल्याला ही शिक्षा माहीत असते, म्हणून तो पोलिसांसमोर निवांत उभा असतो. बातमी लिहिणाऱ्या आम्हाला मात्र कलमाचा आकडा पाठ असतो, दंडाचा नसतो.

त्याच कायद्याखाली 1978 चे प्राणी वाहतुकीचे नियम आहेत. कुत्र्या-मांजरांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. लांबच्या प्रवासाआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा. निघण्याच्या निदान दोन तास आधी खायला-प्यायला द्यावं, उपाशी-तहानलेलं जनावर बंद करू नये. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी. मोठ्या मांजराला बारा तासांतून एकदा खाणं पण पिल्लाला दर चार तासांनी. गाभण आणि दिवस भरत आलेली मांजर नेऊच नये. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हे किती बारकाईने लिहिलंय! डिक्कीत टाका म्हणणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याने ते वाचलेलं नसणार, मी तरी कुठे वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी पारावर हा किस्सा सांगितला. एक आजोबा म्हणाले, "मांजरीले गाडीत बसवून आणलं? आमच्या टायमाले मांजर गाडीत नेलं ते सोडायलेच." सगळे हसले, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. आपल्या भागात मांजराचा लांबचा प्रवास एकाच कामासाठी होत आला. घरात पिल्लं जास्त झाली की पोत्यात घालायची, बैलगाडीने, पुढे फटफटीने चार गावं पलीकडे नेऊन सोडायची. वाट दिसू नये म्हणून पोत्याचं तोंड बांधायचं, कारण मांजर परत येतं. आमच्याच घरून लहानपणी घाट चढून नेऊन सोडलेली एक बोकी सहा-सात दिवसांनी अंगणात हजर झाली होती, एक कान फाटलेला, पाय लंगडा. आईने तिला दूध घातलं आणि नंतर पुन्हा कोणी तिला सोडायचं नाव काढलं नाही. पण जी परत आली नाहीत त्यांचं काय झालं हे कोण विचारतं? उपासमार होईल अशा जागी जनावर सोडून देणं हाही त्याच कलम 11 खालचा गुन्हा आहे. दंड तोच, 50 रुपये.

आणि मांजर आपल्याला नको असतं असंही नाही. घरात कापूस भरला, सोयाबीनची पोती लागली की उंदरांसाठी मांजर पाहिजेच असते. शेजारी पिल्लू मागायला आपणच जातो. ती आडवी गेली की मात्र गाडी थांबवून थुंकतो. आता ती गाडीतच बसली तर नेमकं काय करायचं, याचं उत्तर अजून कोणाकडे मिळालेलं नाही.

मला माहीत आहे, खाली कमेंट येणार: "साहेब, सोयाबीनला भाव नाही, शेतकरी मरतोय आणि तुम्हाला मांजर सुचतंय." भावावर मी लिहीत आलोय, पुढेही लिहीन. पण बिट्टीला पुन्हा तपासायला मी एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो तेव्हा काय झालं ते ऐका. तिथल्या माणसाने पिशवीत डोकावून विचारलं, "भाऊ, ही दूध किती देते?" विनोद चांगला होता, मीही हसलो. मग कळलं की मांजराची लस नाही, एवढ्याशा जीवाला लावायची बारीक सुई नाही आणि रेबीजचं इंजेक्शन बाहेरून आणावं लागेल. आता सांगा, रेबीजचा आणि शेतकऱ्याचा संबंध नाही? आपल्या घरात फिरणारं मांजर, त्याला पिसाळलेलं कुत्रं चावतं, ते मांजर लेकराला ओरखडतं किंवा चावतं. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला लस देता येते. ती दवाखान्यात ठेवणं म्हणजे मांजरांचे लाड नव्हेत, आपल्या लेकरांची सोय आहे.

तर माझं म्हणणं साधं आहे. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत जिवंत जनावर टाकणं बंद झालं पाहिजे, आणि ते आरटीओने तपासलं पाहिजे. पेटीत बंद असलेलं लहान पाळीव जनावर सीटखाली किंवा मांडीवर ठेवून नेता येईल का, त्याचं भाडं किती, हे बसमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं. आज ते कंडक्टरच्या मूडवर असतं. टोल नाक्यांवर आणि मोठ्या महामार्गांवर थोडी सावली आणि पाण्याचा नळ, हे माणसांसाठीही नीट नाही, म्हणून तिथे जनावरांसाठी वेगळं काही मागत नाही. समृद्धीवरून ज्यांनी मे महिन्यात प्रवास केलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आणि तो 50 रुपयांचा दंड. दुरुस्तीचा मसुदा 2022 मध्ये लोकांसमोर आला होता. आपल्या खासदारांना भेटाल तेव्हा त्याबद्दल जरूर विचारा, मीही विचारणार आहे.

ज्यांना पिल्लू घेऊन लांब जायचंय त्यांच्यासाठी, स्वतः ठेच खाऊन शिकलेलं सांगतो. प्लास्टिकची जाळीदार पेटी घ्याच, खोका नको. निघायच्या आठ दिवस आधी ती घरात उघडी ठेवा, आत त्याचं अंथरूण टाका, म्हणजे ते आपणहून आत झोपू लागेल. गाडीत पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली घट्ट बसवा, वरून पातळ फडकं टाका. निघण्याआधी पोटभर नको, थोडंसंच. दार उघडं असताना पेटी कधीही उघडू नका, रस्त्यावर सुटलेलं पिल्लू सापडत नाही. उलटी होते म्हणून किंवा झोपावं म्हणून माणसाची गोळी तर अजिबात देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉल मांजराला मारून टाकते. पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा, सगळं घर एकदम दाखवू नका. आणि जेवायला थांबलात तर एकाने गाडीपाशी थांबायचं. आळीपाळीने जेवा, शेवभाजी कुठे पळून जात नाही.

बिट्टी आता बरी आहे. दुपारी आमच्या ओसरीवर माठाच्या ओल्या फडक्यावर झोपते. गाडीचा आवाज आला की मात्र कोठीत पळते, माझ्या गाडीचा असेल तर जास्तच. भाचीला पुढच्या आठवड्यात परत जायचंय. या वेळी पहाटे चारला निघणार, खरंच चारला. पेटी मागवली आहे पण वेळेत येईल असं दिसत नाही. बुलढाणा, मोताळा किंवा मलकापूरकडे कोणाकडे मांजराची जाळीची पेटी असेल तर चार दिवसांसाठी द्या, इनबॉक्समध्ये कळवा. धुऊन, उन्हात वाळवून परत करीन.