धनुर्धरांचा हिस्सा
कोलोरॅडोच्या डोंगरांत सप्टेंबरच्या पहाटे नर एल्क शीळ घालू लागतो, तेव्हा वाऱ्याचा रोख किंचित फिरला तरी धनुर्धराच्या हाती मोडलेल्या फांद्यांचा आवाज तेवढा उरतो. तीस-चाळीस पावलांवर जाण्याचे हे व्रत पत्करणाऱ्यांना सोडतीतील मर्यादित परवान्यांचा न्याय्य हिस्सा मिळावा, यासाठी आम्ही हा अंक वाहिला आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा कर १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही बसला, म्हणजे वन्यजीवरक्षणाच्या खजिन्यात त्यांचाही वसूल जमा होतो. कळपाची संख्या पाहूनच परवाने ठरावेत, हे आम्हांस मान्य. कपात मात्र एकट्या धनुर्धरांच्या माथी नको. शिकारबंदीच्या भारतात वाढलेल्या आमच्या वाचकांस ही बाजू कदाचित पटणार नाही. त्यांनीही आपला अभिप्राय अवश्य कळवावा.