शाळेच्या आराखड्याला बसू या! : इब्रामपूरच्या ग्रामस्थांना जाहीर आवाहन



मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गोव्यात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी इमारतच नव्हती. वर्ग देवळाच्या मंडपात भरले, कुणाच्या ओसरीवर भरले. तेव्हा गावाने शाळा आपली मानली; आता 'शाळा सरकारची, सरकार बघून घेईल' म्हणत आपण मोकळे होतो. आणि पट घसरून शाळा विलीन होण्याची पाळी आली की निवेदने घेऊन पणजी गाठतो.

कायद्याने मात्र शाळा आपल्याच हाती दिली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शिवाय पंच आणि शिक्षक. विकास आराखडा हीच समिती करते आणि सरकारी अनुदान त्याच्या आधारे ठरायचे असते. म्हणजे आराखड्यात जे नाही, ते मागणार कुठल्या तोंडाने? 'छप्पर गळते' एवढ्याने भागत नाही. कुठल्या वर्गाचे, किती वासे कुजले, किती कौले फुटली, हे लिहावे लागते. सुतारकाम जाणणारा एखादा पालक शिडी लावून चढला, तर एका सकाळीत हिशेब हाती येईल.

समितीची बैठक सकाळी अकराला ठेवायची आणि आया येत नाहीत म्हणून कुरकुरायचे, हे थांबवू या. काजूच्या मोसमात त्या वेळी त्या बागायतीत असतात. दिवेलागणीनंतर बसू. घरी वही पाठवून घेतलेली सही म्हणजे बैठक नव्हे.

साठ मुलांपर्यंत कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, वर्ग मात्र चार. त्यातला एक शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेला की दुसऱ्याने करायचे काय? निवृत्त शिक्षकांनी, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून तासभर वाचन घ्यावे. भजनी मंडळींनी, दशावतारी कलाकारांनीही यावे. शिक्षकांना विचारून, त्यांच्या वेळेत. त्यांच्यावर देखरेख करायला नको.

पंचांना विनंती : ग्रामसभेत रस्ते-नळांबरोबर शाळेचा विषय घ्या. ज्यांची मुले बसने दुसऱ्या गावच्या शाळेत जातात, त्यांनीही या. ही शाळा सोडावीशी का वाटली, ते तुमच्याकडूनच कळेल.

आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून दिवाळी झाली की आराखड्याला बसायला हवे. आमंत्रणाची वाट पाहू नका. शाळेला काय हवे ते कागदावर लिहून आणा.

— गावच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी