स्वस्तातल्या बीएमडब्ल्यूची किंमत

‘स्विफ्टच्या पैशात बीएमडब्ल्यू’ हे रील्सवरचं वाक्य अर्धंच खरं आहे. १५ वर्षं जुन्या ३२०डीची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्ट्सची नाही. तिच्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती धावताना तुटली, तर इंजिनच संपलं.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा. इंजिन गार असताना स्वतः चालू करा आणि मागून खरखर येते का ऐका. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवलं असेल, तर सरळ परत फिरा. सर्व्हिसची कागदपत्रं मागा, आपला मेकॅनिक न्या. त्याचे पैसे जड वाटत असतील, तर ही गाडी तुम्हाला परवडणारी नाही.