क्रमांक ४४१५ चा ठावठिकाणा

आगगाडीचें इंजिन म्हटलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें धुराचे लोट सोडीत घाट चढणारें वाफेचें इंजिन उभें राहतें. वस्तुतः आजच्या मुलांपैकीं फारच थोड्यांनीं तें धांवतांना पाहिलें असेल. परंतु चित्रांनीं आणि गोष्टींनीं तें त्यांच्या मनांत कायमचें बसविलें आहे. उलट, डिझेल तेलावर चालणारें लहानसें इंजिन, लोखंडी पेटीला चाकें लावावीं तसें दिसणारें, खाणींत, गिरणीच्या आवारांत, उसाच्या मळ्यांत जन्मभर ओझीं ओढणारें व शेवटीं निमूटपणें भंगारांत जाणारें, त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. या उपेक्षिताची बाजू मांडावी असा आज आमचा विचार आहे. मात्र त्याचा शोध घेत फिरणाऱ्या हौशी मंडळींशीं एका बाबतींत आमचा मतभेद आहे, तोहि आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

अशीं मंडळी खरोखरच आहेत. इंग्लंडांत तर त्यांच्या संस्था आहेत, आणि कोणत्या कारखान्याच्या आवारांत कोणतें इंजिन उभें आहे, कोणतें कोणत्या वर्षीं मोडलें, याच्या याद्या पुस्तकरूपानें छापल्या जातात. या शोधाची किल्ली म्हणजे कारखान्याचा अनुक्रमांक. इंजिन बाहेर पडतांना त्याच्या अंगावर जी पितळी पाटी बसवितात तिच्यावर तो कोरलेला असतो. मालक बदलला कीं रंग बदलतो, नांव बदलतें, गाडीवरचा नंबर बदलतो. रुळांमधील अंतर निराळें असेल तर चाकें देखील सरकविलीं जातात. अनुक्रमांक तेवढा बदलत नाहीं. परंतु पाटी पितळेची असल्यामुळें ती सर्वांच्या आधीं चोरीस जाते! त्यांतून लहान डिझेल इंजिनाची गोष्ट आणखी अवघड. त्याचें यंत्र बिघडलें कीं दुसऱ्या कंपनीचें यंत्र त्या जागीं बसवावें, दोन नादुरुस्त इंजिनांचें मिळून एक चालतें करावें, असे प्रकार सर्रास होत. अशा वेळीं हें इंजिन नेमकें कोणतें, या प्रश्नाचें उत्तर देतांना भल्याभल्यांची मति गुंग होते.

एक उदाहरण सविस्तर सांगतों. इंग्लंडांतील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरीं केर स्टुअर्ट नांवाचा इंजिनांचा कारखाना होता. वाफेचीं लहान इंजिनें करण्यांत त्याची ख्याति होती. डिझेल यंत्राचा जनक रुडॉल्फ डिझेल याचें पहिलें यशस्वी यंत्र १८९७ मध्यें जर्मनींत चाललें. परंतु तें रुळांवर आणून रोजच्या कामास जुंपणें ही गोष्ट त्यानंतर तीस वर्षांनींहि नवलाचीच होती. वाफेच्या इंजिनाला पहांटे विस्तव घालून तासन्‌तास वाट पाहावी लागे, कोळसा टाकावयास दुसरा मनुष्य लागे. डिझेलला यांतलें कांहींच नको. हें ओळखून या कारखान्यानें १९२८ मध्यें साठ अश्वशक्तीचें, सहा चाकांचें एक नमुन्याचें डिझेल इंजिन तयार केलें. त्याचा अनुक्रमांक ४४१५. परीक्षेसाठीं तें वेल्समधील डोंगराळ मुलखांतील दोन फुटी रुळांवर पाठविण्यांत आलें व तेथें त्यानें गाड्या ओढून दाखविल्या.

त्याच कारखान्यांत त्या सुमारास एल. टी. सी. रोल्ट नांवाचा एक तरुण उमेदवारी करीत होता आणि त्याचे नातलग काइल विलन्स हे या डिझेल प्रयोगाचे सूत्रधार होते. प्रयोग यशस्वी होत असतांनाच १९३० मध्यें कारखाना बुडाला. नकाशे वगैरे लीड्सच्या हन्स्लेट कंपनीकडे गेले, कामगार रस्त्यावर आले. रोल्ट पुढें नामांकित लेखक झाला, आणि वेल्समधील टॅलिलिन ही मरणपंथास लागलेली छोटी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनीं चालवावी या चळवळीचा तोच अध्वर्यु. जुन्या रेल्वे हौसेनें जतन करण्याची जी प्रथा आज जगभर दिसते तिचा उगम तेथेंच. म्हणजे ज्या तरुणानें कारखाना बुडतांना पाहिला त्यानेंच लोकांना जुनें यंत्र सांभाळावयास शिकविलें.

४४१५ चें काय झालें? तें समुद्र ओलांडून मॉरिशसला युनियन व्हेल नांवाच्या उसाच्या मळ्यावर गेलें. तेथें दशकानुदशकें तें राहिलें. ज्या कारखान्यानें तें घडविलें तो नाहींसा झाला, ज्या वेल्सच्या रुळांवर तें प्रथम धांवलें ते उखडले गेले. स्वतः मॉरिशसमध्यें १८६४ सालीं सुरू झालेली सरकारी रेल्वे १९६४ मध्यें कायमची बंद झाली. तरी हा गंजका सांगाडा शिल्लक होता. अखेर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्रज शोधकांनीं तें हुडकून काढलें व जहाजानें वेल्सला परत नेलें. अशा चिकाटीचें आम्हांस मनापासून कौतुक वाटतें. एका चार आंकडी क्रमांकाच्या पाठीमागें हजारों मैल जाणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे.

परंतु या कथेचे जे वृत्तांत आमच्या वाचनांत आले त्यांत एक गोष्ट आम्हांस सारखी खुपत राहिली. वेल्समधील थोड्या महिन्यांच्या परीक्षेचें वर्णन पानेंच्या पानें. किती डबे ओढले, कोणता चढ चढला, सर्व कांहीं. आणि मॉरिशसमधील एवढ्या दीर्घ कालास दोन-तीन ओळी! जणुं काय तें इंजिन तेथें झोंपी गेलें होतें. तें परत आलें तेव्हां ‘घरीं आलें’ असें सर्वांनीं म्हटलें. आम्ही विचारतों, घर कोणतें? जेथें जन्म झाला तें, कीं जेथें आयुष्य खर्ची पडलें तें?

हा प्रश्न मराठी वाचकांस परका वाटूं नये. मॉरिशसचे उसाचे मळे कोणी पिकविले? १८३४ पासून सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर करारानें त्या बेटावर उतरविण्यांत आले. पोर्ट लुई येथें ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ते गेले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो. त्या मजुरांत बिहारी, तामीळ, तेलगू यांच्याबरोबर मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील व देशावरील मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज तेथें आजहि मराठी म्हणून ओळखले जातात, तेथील शाळांतून मराठी शिकविलें जातें, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. ४४१५ तेथें पोंचलें तेव्हां करारपद्धति संपली होती, परंतु मळ्यांवरचे हात बहुतांशीं त्यांच्याच मुलानातवंडांचे होते. इंजिनाचा दांडा कोणी धरला, तेल कोणी घातलें, बिघाड झाल्यावर स्टोकहून सुटे भाग मिळण्याची आशा नसतां कोणत्या लोहारानें भाग घडवून तें चालतें ठेविलें? या माणसांची नांवें जर पाटीच्या क्रमांकाइतक्याच आस्थेनें विचारलीं असतीं तर त्या शोधाची किंमत दुणावली असती असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणतील, इंजिन तेथेंच ठेवावयास हवें होतें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. उन्हापावसांत पडलेलें लोखंड जो उचलील त्याचें भलें होवो. आमचा आक्षेप नेण्याला नाहीं, अर्धीच गोष्ट बरोबर नेण्याला आहे.

आणि सर्वच इंजिनें वांचवावीं असाहि आमचा आग्रह नाहीं. एवढ्या लोखंडाला छप्पर कोण देणार? ‘अमुक क्रमांकाचें इंजिन अमुक वर्षीं अमुक ठिकाणीं मोडलें’ ही एक ओळ मिळाली तरी शोधकाचें काम झालें असें आम्ही समजतों. खरें नुकसान मोडण्यानें होत नाहीं, तें विस्मरणानें होतें.

आपल्या घराजवळचेंच पाहा. १९०७ मध्यें सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांची चौकशी आजहि मोठ्या प्रेमानें होते. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे, दुसरें इंग्लंडांतील हौशी मंडळींनीं नेलें. परंतु १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींतील युंग या कारखान्याहून आलेल्या डिझेल इंजिनांनीं याच डोंगरावर पुढें कित्येक वर्षें प्रवासी वाहिले, त्यांची विचारपूस कितीजण करतात? आमच्या पालकांपैकीं अनेकजण लहानपणीं त्यांच्याच मागून माथेरानला गेले असतील, आणि आठवणी सांगतांना मात्र वाफेचा धूर आपल्या पदरचा घालीत असतील!

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांना घेऊन एका साखर कारखान्यावर गेलों होतों. मागील आवारांत करंजाच्या झाडाखालीं एक लहान डिझेल इंजिन उभें होतें. रूळ केव्हांच काढून नेलेले, चाकें अर्धीं मातींत. पाटीच्या जागीं चार भोंकें तेवढीं उरलीं होतीं. कचेरींत विचारलें तर तेथील गृहस्थ म्हणाले, “तें होय? तें स्क्रॅप आहे.” यापलीकडे त्यांना माहिती नव्हती व ती असावी असें वाटतहि नव्हतें. परत फिरणार तोंच एक वयोवृद्ध मिस्त्री काठी टेंकीत आले. “मास्तर, पाटी कशाला शोधतां?” ते म्हणाले, “तिचा गिअरचा दांडा सव्वीस सीझन माझ्या हातांत होता. मला विचारा.”

मग त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून मुलें खालीं बसलीं तीं दोन तास उठलीं नाहींत. गाळपाच्या हंगामांत रात्रभर गाड्या कशा चालत. ओल्या रुळांवर चाकें घसरूं लागलीं कीं पुढें बसलेला पोरगा मुठीनें वाळू कशी टाकी. मूळचें यंत्र निकामी झाल्यावर मालमोटारीचें यंत्र त्यांत कसें बसविलें. ड्रायव्हर तिला ‘म्हैस’ म्हणत, कारण थंडींत ती लौकर उठत नसे. इतक्यांत आठव्या इयत्तेंतील एका मुलानें सांगाड्याच्या टोंकाचा रंग खरवडला, तेथें ठोकून उमटविलेले आंकडे दिसूं लागले. वहीचें पान त्यावर धरून त्यानें शिसपेन्सिल घांसली व ते जसेच्या तसे उतरवून घेतले.

दिवाळीच्या सुटींत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां करंजाखालीं जागा मोकळी होती. वजनकांट्याच्या नोंदींत ‘जुनें लोखंड’ एवढेंच लिहिलेलें आढळलें. ती वही आतां आमच्या शाळेच्या संग्रहाच्या कपाटांत आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. आंकड्यांच्या पुढच्या पानावर मिस्त्रींनीं स्वतःच्या अक्षरांत त्या इंजिनावरील पांच ड्रायव्हरांचीं नांवें व त्यांचीं गांवें लिहून दिलीं आहेत. पांचवें नांव त्यांचें स्वतःचें आहे.