फुफ्फुसावरील डाग आणि एक न विचारलेला प्रश्न

छातीच्या क्ष-किरण अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ किंवा ‘फायब्रोसिस’ हा शब्द आला, की पालकांच्या पायांखालची जमीन सरकते. वस्तुतः हे शब्द बहुधा जखम भरून आल्याचेच सांगत असतात. क्षयजंतूंचा शिरकाव झालेल्या जागेभोवती शरीर तंतूंची भिंत उभारते आणि कालांतराने तेथे चुना साठतो. यास सहसा वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. मूल खेळते आहे, वजन वाढते आहे, ताप-खोकला नाही, तर केवळ डागासाठी क्षयाची औषधे देणे अनुचित होय.

परंतु ‘जुना डाग आहे, घाबरू नका’ एवढे सांगून आपले कर्तव्य संपते काय? काही वर्षांपूर्वी निपाणी परिसरातील एका विडी कामगार मातेला तिच्या मुलीविषयी मी हेच सांगितले. ते खरेही होते. मात्र हा जंतू मुलीपर्यंत आला कोठून, हे मी विचारले नाही. घरात आजी खोकत होती. तो तंबाखूच्या धुळीचा खोकला, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. काही महिन्यांनी त्या मुलीचा दोन वर्षांचा भाऊ मेंदूच्या आवरणाच्या क्षयाने बेशुद्धावस्थेत आला. तो वाचला, परंतु त्याची श्रवणशक्ती गेली. त्यानंतर तपासलेल्या आजीच्या थुंकीत जंतू सापडले.

तंबाखूने निपाणीतील असंख्य चुली पेटत्या ठेवल्या, हे मान्यच आहे. पण त्याच तंबाखूमुळे खोकला आपल्या घरचा होऊन बसला, हेही तितकेच खरे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार फुफ्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांना, सक्रिय क्षय नाही याची खात्री करून, प्रतिबंधक उपचार देता येतात. त्यासाठी आधी रुग्ण सापडला पाहिजे.

आपल्या सीमाभागात अहवाल इंग्रजीत, माहितीपत्रक कन्नडमध्ये आणि आई मराठी वाचणारी, असे अनेकदा घडते. म्हणून माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे की, अशा प्रत्येक अहवालाखाली आईच्या भाषेत दोन वाक्ये स्वहस्ते लिहावीत: ‘ही भरून आलेली जुनी जखम आहे. घरात दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणी खोकत आहे काय?’

पहिल्या वाक्याने आईची भीती जाईल. दुसऱ्याने कदाचित धाकटे भावंड वाचेल.